परदेशात भाड्याची गाडी आणि ‘फुल कव्हर’: कुठलं घ्यावं, कुठल्यावर विसंबू नये

ठाण्यात स्वतःची गाडी चालवणाऱ्याला विम्याचं गणित पाठ असतं. घोडबंदर रोडवर मागून कुणी ठोकलं की गाडी वर्कशॉपला टाकायची, क्लेम फॉर्म भरायचा, ‘झिरो डेप’ (घसारा न कापणारं कव्हर) असेल तर फाइल चार्ज म्हणून हजार-दोन हजार द्यायचे आणि गाडी घरी आणायची. आपल्याकडे 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम, ₹1,000 आणि त्यापुढच्या गाडीला ₹2,000 आहे. हाच हिशोब डोक्यात ठेवून माणूस मिलान किंवा म्युनिकच्या विमानतळावर काउंटरपाशी उभा राहतो, करारावर ‘सीडीडब्ल्यू समाविष्ट’ वाचतो आणि निश्चिंत होऊन सही करतो. तिथली वजावट मात्र हजार ते दोन हजार युरोच्या घरात असते. युरो ₹100 धरला तरी लाख ते दोन लाख रुपये.

या लेखात एखाद्या कंपनीला स्टार द्यायचे नाहीत. गाडी भाड्याने घेताना चार ठिकाणचं संरक्षण आपल्यापुढे येतं: काउंटरवर विकलं जाणारं, बुकिंगच्या साइटवर विकलं जाणारं, इथे घेतलेल्या ट्रॅव्हल पॉलिसीतलं आणि क्रेडिट कार्डावरचं. प्रत्यक्ष ओरखडा उठल्यावर यांतलं कुठलं किती उपयोगी पडतं, ते इथे तपासलं आहे.

आधी सीडीडब्ल्यू म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कोलिजन डॅमेज वेव्हर हा विमाच नव्हे. गाडीचं नुकसान झालं तर ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढीच गाडीवाल्या कंपनीची कबुली असते. त्या ठरावीक रकमेला एक्सेस म्हणतात. फ्रान्समध्ये करारावर ‘फ्रांशिज’, इटलीत ‘फ्रांकीजिया’, जर्मनीत ‘झेल्ब्स्टबेटायलिगुंग’ असा शब्द दिसेल. करार हातात आला की आधी हा आकडा शोधा, गाडीचा रंग मग बघा. अपघाताचा एक्सेस आणि चोरीचा एक्सेस बऱ्याचदा वेगवेगळे असतात, दोन्ही बघा.

ही कबुली नियम मोडला की रद्द होते. दारू पिऊन चालवलं, करारात नाव नसलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग दिलं, चुकीचं इंधन भरलं, बंदी असलेल्या रस्त्यावर गाडी नेली, तर एक्सेसची मर्यादाच उरत नाही आणि सगळं नुकसान तुमच्या अंगावर येतं. करार नवऱ्याच्या नावावर आणि तीन तास बायकोने चालवली, ही चूक सर्रास होते. दुसऱ्या चालकाची फी दिवसाला काही युरो असते. दोघं चालवणार असाल तर ती भराच.

दुसरी भानगड वगळलेल्या भागांची. साध्या सीडीडब्ल्यूत टायर, रिम, काचा, बाहेरचे आरसे, छत, गाडीचं पोट, आतली सीट, चावी आणि क्लच बहुतेक वेळा येत नाहीत. आणि भारतीय चालकाच्या हातून नेमके हेच भाग खराब होतात. युरोपात, अमेरिकेत, दुबईत आपण डावीकडे बसतो आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतो. आयुष्यभर उजवीकडे बसून सवय झालेल्या नजरेला गाडीची उजवी बाजू कुठे संपते त्याचा अंदाज राहत नाही. गाडी नकळत लेनमध्ये उजवीकडे सरकते. मग अरुंद गल्लीत उजवा आरसा भिंतीला लागतो, आणि पार्क करताना पुढची उजवी रिम ग्रॅनाइटच्या कर्बला घासते. रिमच्या कडेला बोटभर लांबीची, खरबरीत, चंदेरी रेघ उठते. गाडी उत्तम चालत असते, प्रवासभर कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. गाडी परत घेणारा माणूस मात्र पहिल्यांदा खाली वाकून चार रिमच बघतो.

बिल कसं फुगतं

कॉटेज किंवा हॉटेलच्या पार्किंगमध्ये मागचा बंपर खांबाला लागला आणि एक रिम घासली असं धरू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण मांडणी खरीखुरी आहे. दुरुस्ती 480 युरो. त्यावर क्लेम हाताळण्याची फी 60 युरो. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहणार, म्हणून बुडालेल्या भाड्याचे 90 युरो. एकूण 630 युरो. नौपाड्यातल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये हाच बंपर कितीत रंगून मिळाला असता, हा विचार तिथे कामाचा नाही. तिथे दर ठरलेल्या तक्त्यातून लावतात आणि बऱ्याच कंपन्या प्रत्यक्ष दुरुस्ती होण्याआधीच ते वसूल करतात.

पुढचा खर्च कार्डाचा. एक्सेस 1,200 युरो असेल तर अनेक कंपन्या आधी पूर्ण 1,200 कापून घेतात आणि हिशोब झाल्यावर उरलेले 570 परत करतात. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, 3.5% असेल तर त्यावर 18% जीएसटी धरून तो 4.13% होतो. 1,200 युरोवर हे जवळजवळ 50 युरो, म्हणजे ₹5,000. परतावा येतो तो त्या दिवसाच्या दराने, आणि आधी कापलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही. काउंटरवरच्या मशीनने ‘रुपयांत पैसे भरायचे का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो महागच पडतो.

गाडी चालण्याच्या अवस्थेत नसेल तर टोइंगचं बिल वेगळं. डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी उचलून आणायची तर ते दुरुस्तीपेक्षा मोठं होऊ शकतं, आणि साध्या करारात ते धरलेलं नसतं.

काउंटरवरचं ‘फुल कव्हर’

सुपर सीडीडब्ल्यू, झिरो एक्सेस, प्रीमियम प्रोटेक्शन अशी नावं असतात. युरोपात छोट्या-मध्यम गाडीला दिवसाला साधारण 15 ते 35 युरो. नऊ दिवसांचे 25 च्या दराने 225 युरो, म्हणजे ₹22,500. ही रक्कम टोचते. पण हे एकच संरक्षण असं आहे की ज्यात ओरखडा उठल्यावर तुम्हाला आधी खिशातून पैसे काढावे लागत नाहीत. चावी द्यायची, नुकसानीचा कागद भरायचा आणि विमान पकडायचं. कार्डावर अडकणारं डिपॉझिटही कमी होतं.

घ्यायच्या आधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा: यात टायर, रिम, काच आणि गाडीचं पोट धरलं आहे का? बऱ्याच ठिकाणी झिरो एक्सेस म्हणजे फक्त पत्र्याचं झिरो, आणि काच-टायरचं पॅकेज वेगळं. दोन पातळ्यांचं कव्हर असेल तर वरची पातळी घ्या, नाहीतर घेऊच नका. मधली पातळी घेऊन पुन्हा रिमचे पैसे भरणं हा सगळ्यात वाईट सौदा.

आमचं मत स्पष्ट आहे. कुटुंबासोबत पहिल्यांदाच डावीकडे बसून चालवणार असाल, मुक्काम जुन्या शहरांच्या गल्ल्यांत असतील, तर काउंटरचं वरच्या पातळीचं कव्हर पैसे वसूल आहे. ट्रिपच्या बजेटमध्ये ते भाड्याचाच भाग म्हणून धरा. गाडी स्वस्त दिसते ती हे न धरल्यामुळे.

बुकिंगच्या साइटवरचं ‘फुल प्रोटेक्शन’

नाव तेच, वस्तू वेगळी. दिवसाला साधारण 5 ते 10 युरो, म्हणजे काउंटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात. हे कव्हर गाडीवाल्या कंपनीचं नसतं, तिसऱ्याच विमा कंपनीचं असतं. काउंटरवरचा माणूस ‘हे आमच्याकडे चालत नाही’ म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं. गाडीवाली कंपनी तुमच्या कार्डातून पैसे कापणार, तुम्ही ठाण्याला परत येऊन कागद जोडून ते मागणार, अशी ही रचना आहे.

म्हणून इथे बघायची पहिली गोष्ट कार्डाची मर्यादा. या कव्हरने डिपॉझिट एक पैशानेही कमी होत नाही. एक्सेसइतकी रक्कम कार्डावर ब्लॉक होते, वर इंधनाचे काही युरो. मर्यादा ₹2 लाख आणि ब्लॉक 1,500 युरोचा असेल तर उरलेल्या ₹50,000 मध्ये हॉटेलं आणि जेवणं भागवावी लागतील. मुख्य चालकाच्याच नावाचं, उठावदार अक्षरांचं क्रेडिट कार्ड मागणाऱ्या कंपन्या खूप आहेत. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड डिपॉझिटला अनेक ठिकाणी घेत नाहीत, आणि मग भाडं भरलेलं असूनही चावी मिळत नाही. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का आणि त्याची वेगळी मर्यादा किती ठेवली आहे, तेही बघा.

दुसरी गोष्ट राहण्याच्या देशाची अट. काही स्वस्त एक्सेस पॉलिसी फक्त ब्रिटन किंवा युरोपच्या रहिवाशांसाठी असतात. भारतीय पत्ता टाकून पैसे भरता येतात, क्लेमच्या वेळी मात्र ‘पात्र नाही’ असं उत्तर येतं. पॉलिसीच्या शब्दांत ‘रेसिडेंट’ हा शब्द शोधून वाचा. सोबत क्लेम हाताळण्याची फी आणि बुडालेलं भाडं हे दोन्ही परत मिळतं का, तेही बघा. वरच्या उदाहरणात ते 150 युरो होते.

डावीकडून चालणाऱ्या देशांत, म्हणजे ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथे, आपला अंदाज बरा असतो. हातात मोठ्या मर्यादेचं कार्ड असेल आणि कागद सांभाळायची शिस्त असेल, तर हा पर्याय आम्ही सुचवू. घाईच्या माणसाने याच्या वाट्याला जाऊ नये.

इथली ट्रॅव्हल पॉलिसी आणि कार्ड

आजारपण, हॉस्पिटल, हरवलेली बॅग यांसाठी ट्रॅव्हल पॉलिसी घेतलीच पाहिजे. गाडीच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिच्यातली ‘पर्सनल लायबिलिटी’ वाचून अनेकांना वाटतं की गाडीने केलेलं नुकसानही यात आलं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत मोटार वाहन चालवण्यातून येणारी जबाबदारी सहसा लिहिलेलीच असते. काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं वेगळं कलम असतं किंवा ते जोडून घेता येतं. त्यात रक्कम किती, वजावट किती आणि काच-टायर धरले आहेत का, एवढं बघा. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत अमेरिकी साइटवरचा सल्ला वाचून फसू नका. तिथल्या अनेक कार्डांवर गाडीचं संरक्षण फुकट येतं. आपल्या बँकेने ते लेखी दिलं असेल तरच धरा.

देश बदलला की खाचखळगे बदलतात

जपानमध्ये एक्सेस माफ केलेला असला तरी ‘नॉन ऑपरेशन चार्ज’ वेगळा लागतो. गाडी चालवत शाखेत आणली तर बऱ्याच कंपन्यांत 20,000 येनपासून, आणता आली नाही तर 50,000 येनपासून. तो माफ करणारं जादा पॅकेज रोज काहीशे येनमध्ये मिळतं, घ्याच. आणि अपघात कितीही किरकोळ असो, 110 ला फोन करून पोलिसांकडे नोंद केली नाही तर संरक्षण लागू होत नाही.

दुबईतही पोलिसांच्या रिपोर्टशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. पार्किंगमध्ये कुणी अज्ञाताने घासून गेलं तरी रिपोर्ट घ्या. किरकोळ अपघात दुबई पोलिसांच्या ॲपवरही नोंदवता येतो. वाळूत गाडी नेली तर सगळं संरक्षण गेलं असं समजा.

न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेचा नाइंटी माइल बीच इथे भाड्याच्या गाडीला कव्हर नसतं. ऑस्ट्रेलियात छताचं आणि पोटाचं नुकसान, पाण्यात बुडणं, कच्चे रस्ते हे वगळलेलं असतं. शिवाय दूरच्या भागात अंधार पडल्यावर चालवायला काही कंपन्या मनाई करतात, कारण कांगारू. आइसलँडला तर वाऱ्याने दरवाजा उलटा फिरून बिजागरी वाकते, आणि ते सहसा कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची आणि दार दोन हातांनी धरून उघडायचं. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर तेही तुमच्याच माथी. खडी आणि वाळू-राखेचं कव्हर तिथे वेगळं विकतात.

इंधनाची चूक सगळीकडे सारखीच महाग. युरोपात 2018 पासून नळीवर आणि टाकीच्या झाकणाआड सारखी चिन्हं असतात: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. ‘गासोलियो’ किंवा ‘गासोइल’ हे शब्द पेट्रोलसारखे वाटतात, पण ते डिझेल आहे. चुकीचं भरलंच तर गाडी सुरू करू नका. चावी न फिरवता टाकी रिकामी करणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. इंजिन चालू केलं की पंप आणि इंजेक्टर जातात.

परवान्याचं थोडक्यात: आंतरराष्ट्रीय परवाना ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओतून मिळतो, अर्ज सारथी पोर्टलवर, फी ₹1,000, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सोबत परवान्याचं मूळ स्मार्ट कार्ड लागतंच. डिजिलॉकरमधला परवाना काउंटरवर चालत नाही. तो देश हा परवाना मागत असेल आणि तो नसताना अपघात झाला, तर बाकी सगळं कव्हर असूनही क्लेम नाकारायला तेवढं एक कारण पुरतं.

गाडी ताब्यात घेताना वीस मिनिटं

दहा तासांचा प्रवास झालेला असतो, मुलं कंटाळलेली असतात, आणि पार्किंगच्या तळमजल्यावर उजेड कमी असतो. तरी ही वीस मिनिटं काढा. गाडी धुऊन ओली असेल तर पातळ ओरखडे दिसत नाहीत, टिश्यूने पुसा किंवा गाडी उजेडात आणून लावा. नंबर प्लेटपासून सुरू करून एक सलग व्हिडिओ काढत गाडीभोवती फिरा. मग फोटो: चारही रिम खाली बसून, एकेक वेगळी. टायरची बाजूची भिंत. पुढच्या बंपरची खालची कड, फोन जमिनीजवळ धरून. छत, हात वर करून. पुढच्या काचेवर टॉर्च तिरका मारला की खडीचे बारीक टवके चमकतात. शेवटी गाडी सुरू करून डॅशबोर्ड: किलोमीटर, इंधनाचा काटा, पेटलेले दिवे. डिकीतलं स्टेपनी किंवा पंक्चर किट, धोक्याचा त्रिकोण, चमकणारं जॅकेट आणि मागचा ट्रेही फोटोत घ्या. हे हरवलं तरी बिल येतं.

कंपनीच्या कागदावर गाडीचं चित्र असतं, त्यावर आधीचे ओरखडे खुणावलेले असतात. जे चित्रात नाही ते दाखवून लिहून घ्या आणि तिथल्या माणसाची सही घ्या. माणूस नसेल तर पार्किंगमधून बाहेर पडायच्या आधी फोटो त्यांच्या ईमेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो दबला जातो आणि वेळेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर चढवून ठेवा. परत करताना हेच सगळं पुन्हा. शक्यतो शाखा उघडी असताना गाडी द्या. रात्री चावी पेटीत टाकली तर सकाळी कुणीतरी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते.

धक्का लागल्यावर

माणसं ठीक आहेत ना ते बघा, जॅकेट घाला, त्रिकोण लावा. युरोपात आपत्कालीन नंबर 112. गाडी हलवण्याआधी दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे, रस्त्यावरच्या खुणांचे फोटो घ्या. युरोपात ग्लव्ह बॉक्समध्ये अपघाताचा एक छापील फॉर्म बहुधा असतो. दोन्ही चालकांनी तो भरायचा आणि दोघांनी सही करायची. न समजणाऱ्या भाषेतला मजकूर असेल तर सही करण्याआधी भाषांतराच्या ॲपने वाचा. चूक कुणाची यावर रस्त्यात वाद घालू नका आणि कबुलीही देऊ नका. गाडीवाल्या कंपनीला त्याच दिवशी फोन करा. कराराने दिलेली मुदत बऱ्याचदा 24 तासांची असते. ती उलटली तर काउंटरचं कव्हरही अडकू शकतं. रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये परस्पर बंपर रंगवून घेणं टाळा, रंगाची छटा जुळत नाही आणि करारही मोडतो.

परत आल्यावर क्लेमसाठी हे लागतं: भाडेकरार, गाडी घेतानाचा आणि देतानाचा तपासणी कागद, नुकसानीचा रिपोर्ट, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, पोलिसांचा कागद असेल तर तो, परवान्याची प्रत, आणि पैसे कापल्याचं कार्डाचं स्टेटमेंट. यातलं दुरुस्तीचं बिल सर्वांत उशिरा मिळतं. गाडीवाली कंपनी फक्त एकूण रक्कम पाठवते. तेव्हा ईमेल करून वेगवेगळ्या ओळींचं बिल मागा: भाग किती, मजुरी किती, रंग किती, फी किती, गाडी किती दिवस बंद होती. खुणावलेल्या जुन्या ओरखड्याचे पैसे लावले असतील तर सहीचा कागद आणि वेळेसकट फोटो जोडून हरकत घ्या, आणि त्याच पत्राची प्रत आपल्या बँकेला द्या. परदेशी व्यापाऱ्याला बहुधा ओटीपी लागत नाही, त्यामुळे कापलेली रक्कम बरेचदा एसएमएस आल्यावरच कळते. भारतीय विमा कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे फुकट दाद मागता येते, त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे.

कागद लवकर फेकू नका. डिपॉझिटचा ब्लॉक सुटायला कधी कधी 30 दिवस लागतात. इटलीतल्या जुन्या शहरांच्या झेडटीएल (परवानगीशिवाय गाडी नेता न येणारा भाग) कॅमेऱ्यांचा दंड तर परदेशी पत्त्यावर वर्षभरानेही येऊ शकतो. त्याच्या आधी गाडीवाल्या कंपनीने तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याची फी कार्डातून कापलेली दिसेल. ती फी दंडाची नाही, दंड वेगळा भरायचा असतो, आणि ती कुठल्याच फुल कव्हरमध्ये बसत नाही.